होनोलुलूचे दोन सेंट आणि पॅरिसचा खून

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या कार्यक्रमात, रहस्यकथांवर बोलायला गेलो होतो. रहस्यकथा हा माझा जुना आजार. घरात अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' असायची आणि वाचनालयातून मी बाबूराव अर्नाळकर आणायचो. उर्दूतला कर्नल फरीदी आणि मराठीतला झुंजार असे दोघे माझ्या उशाखाली एकत्र नांदत. त्यामुळे विषय हातचा होता. भाषण रंगात आले आणि मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली.

गोष्ट अशी. १८९२ साल, पॅरिस शहर. गास्ताँ लरू नावाचा एक श्रीमंत तिकीटसंग्राहक स्वतःच्या घरात मेलेला सापडतो. खून उघड आहे, पण चोरी झालेली नाही. पैसे जागेवर, किमती वस्तू जागेवर. पोलीस चक्रावतात. शेवटी एका हुशार अधिकाऱ्याचे लक्ष मृताच्या तिकिटांच्या संग्रहाकडे जाते. तो यादी घेऊन एकेक तिकीट ताडून पाहतो, तर एकच तिकीट गायब! हवाई बेटांचे, १८५१ सालचे, दोन सेंटचे निळे तिकीट. मग तो अधिकारी तिकिटांचा शौकीन असल्याचे सोंग घेतो आणि लरूचा मित्र एक्तोर जिरू याच्याशी ओळख वाढवतो. एक दिवस जिरू मोठ्या अभिमानाने त्याला आपला खजिना दाखवतो. त्यात ते दोन सेंटचे तिकीट असते. जिरू कबूल करतो, लरू ते विकायला तयार नव्हता म्हणून मी त्याला मारले.

टाळ्या पडल्या. ही खरी घडलेली घटना आहे, असे मी दोनदा ठासून सांगितले होते. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, स्वतः तिकिटे जमवणारे. फार अदबीने म्हणाले, "सर, गोष्ट छान आहे. पण याची सनद काय?"

ते मुसलमान नव्हते. सनद हा शब्द त्यांनी कागदपत्र, दाखला या मराठी अर्थाने वापरला. माझ्या कानावर मात्र तो मदरशातल्या अर्थाने पडला. तिथे सनद म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले याची साखळी. मी ही गोष्ट कुणाकडून ऐकली होती? एका मासिकात वाचली होती. मासिकवाल्याने कुठून घेतली? माहीत नाही. मी घरी आलो आणि शोधायला बसलो. पुढचे दोन महिने त्यातच गेले.

आधी त्या तिकिटाविषयी, कारण ते तिकीट तरी नक्की खरे आहे.

जगातले पहिले टपाल तिकीट, काळे पेनी, ब्रिटनमध्ये ६ मे १८४० पासून वापरात आले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १ ऑक्टोबर १८५१ रोजी, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांनी आपली तिकिटे काढली. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते आणि गादीवर तिसरा कामेहामेहा होता. (आपल्याकडचे, किंबहुना आशियातलेच पहिले तिकीट 'सिंध डाक' त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ जुलै १८५२ ला आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता.) हवाईची तिकिटे तीन किमतींची होती: दोन, पाच आणि तेरा सेंट. तेरा हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशोब सरळ आहे. पाच सेंट हवाईचे टपाल, दोन सेंट जहाजाच्या कप्तानाचे आणि सहा सेंट अमेरिकेतले टपाल. पत्र होनोलुलूहून सान फ्रान्सिस्कोला जहाजाने जायचे आणि तिथून पुढे.

ही तिकिटे छापली होनोलुलूच्या सरकारी छापखान्यात, पोस्टमास्तर हेन्री व्हिटनी याच्या देखरेखीखाली. लंडनसारखे पोलादावर कोरलेले राणीचे चित्र वगैरे काही नाही. साधे छापखान्याचे खिळे आणि नक्षीच्या पट्ट्या जुळवल्या, मध्ये आकडा टाकला आणि निळ्या शाईत छापून काढले. आपल्याकडे जुन्या ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापत, तसाच प्रकार. फर्म्यात एकाशेजारी एक अशी दोन तिकिटे जुळवलेली असत आणि खिळे हाताने लावल्यामुळे दोन्हींत किंचित फरक राहिला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. कागद इतका पातळ होता की पाकिटावरून काढताना फाटायचा. आज जी तिकिटे उरली आहेत त्यातली बहुतेक कुठे ना कुठे फाटलेली किंवा डागडुजी केलेली आहेत.

त्यांना संग्राहकांच्या जगात 'मिशनरी' म्हणतात, कारण ती मुख्यतः हवाईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्रांवर सापडली. इथे मराठी वाचकाने जरा थांबावे. हे मिशनरी ज्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने १८२० मध्ये हवाईला पाठवले, त्याच बोर्डाने त्याआधी सात वर्षे, १८१३ मध्ये, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांना मुंबईत उतरवले होते. आपली अमेरिकन मराठी मिशन ती हीच. तिनेच पुढे अहमदनगरला बस्तान बसवले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले. तिकिटे छापणारा पोस्टमास्तर व्हिटनी हाही हवाईत जन्मलेला मिशनऱ्याचाच मुलगा. धर्मप्रसारावरून या मंडळींशी आपले वाद असतील, माझेही आहेत. पण पत्रे लिहायची आणि आलेली जपून ठेवायची ही त्यांची सवय मात्र घेण्यासारखी होती. त्या सवयीमुळेच ही तिकिटे उरली.

दोन सेंटचे तिकीट तेवढे उरले नाही. ते वर्तमानपत्रे आणि छापील कागदांसाठी होते आणि वर्तमानपत्राचे वेष्टन कोण जपतो? जगात आज ती फक्त पंधरा-सोळा आहेत. त्यातले एक पाकिटासकट शिल्लक आहे. एका कारखान्याच्या भट्टीत जुना पत्रव्यवहार जाळण्यासाठी ठासून भरला होता, इतका घट्ट की आतला गठ्ठा जळलाच नाही. पुढे १९०५ च्या सुमारास तो सापडला आणि त्यातून हे पाकीट निघाले. १९९५ मध्ये लिलावात त्याला सुमारे वीस लाख डॉलर आले. भट्टीची ही गोष्टही ऐकायला बनावट वाटते, पण पाकिटाच्या कडेला आगीची झळ लागलेली आजही दिसते. वस्तू स्वतःच साक्ष देते.

आता पॅरिसकडे वळू.

मी जे मिळेल ते वाचले. प्रत्येक ठिकाणी गोष्ट तीच, जवळजवळ त्याच शब्दांत. अधिकाऱ्याचे नाव कुठेच नाही. लरूचे घर कोणत्या रस्त्यावर होते ते नाही. खटला कोणत्या न्यायालयात चालला, जिरूला फाशी झाली की जन्मठेप, काही नाही. श्रीमंत माणसाचा घरात खून झाला आहे, खुनी त्याचा मित्र आहे आणि कारण एक कागदाचा चिटोरा! १८९२ च्या पॅरिसमधली वर्तमानपत्रे असल्या बातमीवर महिनाभर जगली असती. पण त्या वर्षीच्या वर्तमानपत्रातली या खुनाची बातमी आजवर कुणी दाखवलेली नाही. तिकिटांच्या इतिहासाचे अभ्यासक ही कथा खरी मानत नाहीत. जो तो आपल्या आधीच्याचे वाचून लिहितो, आणि साखळी मागे नेत गेलो की ती कुठल्याही प्रत्यक्ष पाहणाऱ्यापाशी पोचत नाही.

हदीसच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. ते प्रत्येक कथनाचे दोन भाग करतात. सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, आणि मतन, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. साखळीतला एक रावी गळाला तरी कथन दुबळे ठरते. या रावींची चरित्रे तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले, अस्मा-उर-रिजाल. कोण कधी जन्मला, कुठे राहिला, स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला कधी भेटला तरी होता का. फरीदीने करावी अशी चौकशी, फक्त हजार वर्षांपूर्वी. आणि सनद ठीक दिसली तरी मजकूर वेगळा तपासायचा. शिबली नोमानींनी 'सीरतुन्नबी'च्या प्रस्तावनेत रिवायत आणि दिरायत यांच्यावर जी पाने खर्ची घातली आहेत, ती इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येक मुस्लिम तरुणाने वाचावीत असे मला वाटते.

तर लरूच्या गोष्टीला सनद नाही. मतन पाहू.

मेलेल्याचे नाव गास्ताँ लरू. रहस्यकथा वाचणाऱ्याला हे नाव अनोळखी नाही. 'द मिस्टरी ऑफ द यलो रूम' ही बंद खोलीतल्या गुन्ह्याची प्रसिद्ध कादंबरी १९०७ मध्ये लिहिणारा आणि पुढे 'फँटम ऑफ द ऑपेरा' लिहिणारा लेखक तो हाच, म्हणजे याच नावाचा. १८६८ मध्ये जन्मलेला हा माणूस १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये कोर्टाच्या बातम्या लिहीत होता. आता एकाच नावाची दोन माणसे असू शकतात, आमच्या मोहल्ल्यात सात सलीम शेख आहेत. पण रहस्यकथेसारख्या खुनात रहस्यकथालेखकाच्या नावाचा माणूस मरावा आणि खुन्याचे नाव त्याच्याशी यमक जुळवणारे असावे, हे जरा जास्तच झाले. शिवाय गोष्टीची घडणही पाहा. काहीच चोरीला गेले नाही असे वाटते आणि गेलेली वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. एडगर ॲलन पोने १८४४ मध्ये चोरलेल्या पत्राची कथा लिहिली, तीही पॅरिसमध्येच घडते आणि तिची मेखही हीच आहे. खऱ्या आयुष्यातले गुन्हे इतके नीटनेटके नसतात. त्यात निरुपयोगी तपशील फार असतात. या गोष्टीत एकही निरुपयोगी तपशील नाही.

कादंबरीकारांनी तिकिटांचा उपयोग करायचा तो केलाच, आणि उघडपणे कल्पित म्हणून केला. एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या दोघा चुलतभावांची 'द चायनीज ऑरेंज मिस्टरी' १९३४ ची. त्यात एका प्रकाशकाच्या कचेरीबाहेरच्या खोलीत एक अनोळखी माणूस मेलेला सापडतो, त्याचे कपडे उलटे आणि खोलीतले सामानही उलटे फिरवलेले. प्रकाशक तिकिटांचा संग्राहक आहे. पुढचे सांगत नाही, मिळाली तर वाचा. १९६३ च्या 'शराड' चित्रपटात सगळे जण अडीच लाख डॉलर शोधत पॅरिसभर फिरतात आणि ते एका साध्या पाकिटावर चिकटवलेले असतात. त्या तिकिटांत हवाईचेही एक आहे. या लेखकांनी आम्हाला फसवले नाही. फसवले ते "सत्य घटना" असे वर लिहिणाऱ्यांनी. त्यात आता मीही आलो.

बरे, सनद असली म्हणजे झाले का? तसेही नाही. याच हवाईच्या तिकिटांनी त्याचाही धडा दिला. १९१८ च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या जॉर्ज ग्रिनेल नावाच्या शिक्षकाला जुन्या तिकिटांच्या शोधात मिशनरी तिकिटांचे एक घबाडच मिळाले. ज्या माणसाकडून मिळाले, त्याच्या आईचा हवाईच्या मिशनरी कुटुंबाशी पत्रव्यवहार होता असे सांगितले गेले. किती सुंदर साखळी! ग्रिनेलने ती जॉन क्लेमन या व्यापाऱ्याला ६५ हजार डॉलरला विकली. पुढे व्यापाऱ्याला संशय आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९२२ मध्ये निकाल ग्रिनेलच्या विरोधात लागला, पैसे परत करावे लागले. साखळी कितीही सुंदर असो, वाद शेवटी मजकुरावर आला: ही तिकिटे छापली कशी? मूळ तिकिटांतले खिळे आणि त्यांच्या जागा यांच्याशी ती जुळतात का? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला तो हातजुळणीचा फरक इथे साक्षीदार झाला. ग्रिनेल मात्र शेवटपर्यंत ती अस्सलच मानत राहिला आणि त्याच्या बाजूच्या लोकांनी वाद सोडला नाही. २००४ मध्ये लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीने तपासणी करून ती बनावट ठरवली. माणूस खोटारडा होता असे मला वाटत नाही. त्याला खरे असावे असे फार वाटत होते, बस.

हे वाचताना मला खतीब बगदादींची आठवण झाली. हिजरी पाचव्या शतकातली, म्हणजे इसवी अकराव्या शतकातली गोष्ट. बगदादच्या वजिराकडे एक दस्तऐवज आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खैबरच्या ज्यूंना जिझिया माफ केल्याचे त्यात लिहिले होते. अक्षर हजरत अली (रजि.) यांचे असल्याचा दावा होता आणि खाली सहाबांच्या साक्षी होत्या. यापेक्षा मोठे रावी कोणते आणायचे? वजिराने तो कागद खतीबांना दाखवला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, बनावट आहे. कशावरून? त्यांनी कागदाचा वास घेतला नाही की शाई चाटली नाही. त्यांनी तारखा पाहिल्या. साक्षीदारांत हजरत मुआविया (रजि.) आहेत, आणि ते मक्काविजयाच्या वेळी, हिजरी ८ मध्ये मुस्लिम झाले. खैबर तर हिजरी ७ मधले. दुसरे साक्षीदार हजरत साद बिन मुआज (रजि.), आणि त्यांचे निधन खंदकच्या लढाईनंतर झाले, हिजरी ५ मध्ये, म्हणजे खैबरच्या दोन वर्षे आधी. एक साक्षीदार अजून मुसलमान झालेला नाही आणि दुसरा हयात नाही! प्रकरण संपले.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला आहे. सांगताना छाती फुगते. मग त्याच तोंडाने मी लरूच्या खुनाची गोष्ट सनदीशिवाय कशी सांगत फिरलो?

याचे उत्तर शोधताना मला लहानपणीचा एक जलसा आठवला. आमच्या गल्लीत मंडप होता, पाहुणे वक्ते आले होते आणि त्यांनी सांगितले की नील आर्मस्ट्राँगला चंद्रावर एक आवाज ऐकू आला. पुढे कैरोमध्ये अजान ऐकल्यावर त्याला कळले की तो आवाज हाच, आणि त्याने इस्लाम कबूल केला. "सुभानअल्लाह"चा गजर झाला. मीही ओरडलो, आठ वर्षांचा होतो. अब्बा नुसते गप्प बसले होते. घरी येताना म्हणाले, "बेटा, चाँदपर हवा नहीं है, तो आवाज कैसी?" हे झाले मतन. सनदीचे म्हणाल तर खुद्द आर्मस्ट्राँगनी ही गोष्ट नाकारली होती. अफवा इतकी पसरली की मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना त्याबद्दल खुलासा पाठवला. ते लेबनॉनला जाऊन राहिले असेही लोक सांगत. नासा सोडल्यावर ते लेबनॉनजवळ शेतावर राहत होते हे खरे आहे, पण ते लेबनॉन अमेरिकेच्या ओहायो राज्यातले गाव आहे.

आज आमच्याविषयी काहीही छापून येते, मोबाइलवर फिरते, आणि आम्ही लगेच विचारतो, पुरावा कुठाय? विचारलेच पाहिजे. त्या अफवांनी घरे जळालेली आहेत. पण आम्हाला आवडणारी गोष्ट आली की आमची जीभ टाळूला चिकटते. तो शास्त्रज्ञ मुसलमान झाला, तो गायक मुसलमान झाला, अमुक शोध आमच्याच पुस्तकातून चोरला. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मी हे ऐकतो आणि बहुतेक वेळा चपला घालून मुकाट निघून येतो. कोण वाईट होणार? माझे हे मौन आणि वाचनालयातले माझे ठासून सांगणे यात मला आता फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे समोरच्याला मजा येते आहे, ती मोडायचे जिवावर येते.

तज्ज्ञांवर सोडून द्यावे म्हटले तर तेही फसतात. झाँ द स्पेराती हा जन्माने इटालियन, राहायला फ्रान्समध्ये. १९४२ मध्ये त्याने लिस्बनला पाठवलेली तिकिटे फ्रेंच कस्टमने पकडली. किमती माल न कळवता देशाबाहेर नेतो, असा आरोप. स्पेराती म्हणाला, अहो, ही खरी नाहीत, मी घरी केलेल्या नकला आहेत. तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञांनी भिंगातून पाहून सांगितले, तिकिटे अस्सल आहेत! आपण खोटे बनवणारे आहोत हे सिद्ध करण्यासाठी बिचाऱ्याला पुन्हा तीच तिकिटे बनवून दाखवावी लागली. अशी गोष्ट अर्नाळकरांनी लिहिली असती तर आपण म्हटले असते, बाबूराव, फार ताणलेत. पण हिला कस्टमचे कागद आहेत, न्यायालयाचे कागद आहेत आणि १९५४ मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा सगळा साठा विकत घेतला, तो बाजारात जाऊ नये म्हणून.

त्या निवृत्त गृहस्थांना मी पत्र लिहिले. ई-मेल नाही, पत्र, तिकीट लावून. सनद नाही, गोष्ट खोटी असावी, माफ करा, असे कळवले. त्यांचे उत्तर आले. एका ओळीत आभार आणि उरलेल्या पानभर त्यांच्याकडच्या हैदराबाद संस्थानच्या तिकिटांचे वर्णन. तिकीटसंग्राहक असेच असतात.

गेल्या महिन्यात एका शाळेत बोलावले होते. लरूची गोष्ट पुन्हा सांगितली, पूर्ण रंगवून, आणि मग ती कशी उभी राहत नाही तेही सांगितले. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, म्हणजे खून झालाच नाही?" मी म्हटले, "झाल्याचा पुरावा नाही." तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग खाली बसला. चेहरा पडलेला होता.